मर्यादा १० पीपीएमची, मीटरवर ८: मग हवा सुरक्षित आहे का?

बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून नुकताच बाहेर पडलेला आणि शहराजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत डाय-इंटरमीडिएटच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांच्या) कारखान्यात शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलेला एक मुलगा विचारतो: "काका, आमच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लँटच्या, इक्वलायझेशन टाकीजवळ (सगळं सांडपाणी आधी एकत्र होतं तिथे) हायड्रोजन सल्फाइडचा मॉनिटर लावलाय. त्यावर साधारण ६ ते ८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दिसतं. सीनियर म्हणतात, मर्यादा १० ची आहे, आपण आत आहोत. शिफ्ट १२ तासांची. सुरुवातीला थोडा वेळ वास येतो, मग येत नाही. घरी दांडिया बाजारात पोचलो की आई म्हणते, कपड्यांना सडक्या अंड्यांचा वास येतोय. हे सुरक्षित आहे का?"

तुझ्या सीनियरनं सांगितलेला आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. तू जे वर्णन केलं आहेस त्यावरून मी त्या जागेला सुरक्षित म्हणणार नाही. का, ते नीट सांगतो, कारण ही गोष्ट तुझ्या शेजारी काम करणाऱ्या ऑपरेटरला आणि कंत्राटी हेल्परलाही तुलाच समजावून सांगायची आहे.

आधी तो १० कुठून आला ते पाहू. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे झालं त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांसाठी कलम ४१-ए ते ४१-एच जोडली गेली. त्यातल्या ४१-एफ खाली दुसरं परिशिष्ट आलं. कामाच्या जागेच्या हवेत कोणतं रसायन किती चालेल याची ती यादी. भोपाळच्या मिथाइल आयसोसायनेटला तिथे ०.०२ पीपीएम आहे, क्लोरीनला १, अमोनियाला २५ आणि हायड्रोजन सल्फाइडला १०. फॅक्टरी अ‍ॅक्टची जागा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेनं घेतली असली, तरी कारखान्यांच्या फायलींत आणि सेफ्टी ऑफिसरच्या तोंडी अजून हेच आकडे आहेत, म्हणून मीही तेच आकडे आणि जुनीच कलमं धरून बोलतो.

पण त्या यादीत हायड्रोजन सल्फाइडपुढे दोन आकडे आहेत आणि तुला एकच सांगितला गेला. १० पीपीएम ही ८ तासांची सरासरी. दुसरा आकडा १५ पीपीएमचा, तो १५ मिनिटांच्या सरासरीसाठी. त्याच्याखाली तळटीप अशी की इतका संपर्क दिवसात चारपेक्षा जास्त वेळा येता कामा नये आणि दोन वेळांमध्ये निदान ६० मिनिटांचं अंतर हवं. म्हणजे पाहणारा मीटरकडे ज्या क्षणी पाहतो त्या क्षणीच्या आकड्याला १० शी ताडून पाहणं हा मुळातच चुकीचा हिशोब आहे. क्षणाचा आकडा आणि आठ तासांची सरासरी यांची तुलनाच होत नाही.

एक उदाहरण करून बघ. समजा एखादा माणूस ८ तासांपैकी ५ तास २ पीपीएममध्ये होता, २ तास १२ मध्ये आणि १ तास २० मध्ये. गुणाकार करून बेरीज केली तर १० अधिक २४ अधिक २०, म्हणजे ५४. भागिले ८, सरासरी ६.७५. कागदावर हा माणूस मर्यादेच्या आत आहे. प्रत्यक्षात तो तासभर २० पीपीएममध्ये उभा होता, जिथे १५ मिनिटांची मर्यादाच १५ ची आहे. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत सरासरीनं माणूस मरत नाही, झटक्यात आलेल्या मोठ्या आकड्यानं मरतो. शिसं किंवा सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं साचून इजा करते, तिथे सरासरीला फार अर्थ आहे. हा वायू शरीरात साचून राहत नाही, यकृतात त्याचं बऱ्यापैकी लवकर सल्फेट होऊन तो निघून जातो. पण शरीराच्या या निचऱ्याच्या वेगापेक्षा जास्त वेगानं तो आत आला, की पेशींमधलं ऑक्सिजन वापरणारं यंत्रच बंद पाडतो. सायनाइड जिथे घाव घालतं तिथेच, सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाच्या विकरावर. फुप्फुसात हवा आहे, रक्तात ऑक्सिजन आहे, पण मेंदूच्या पेशीला तो वापरता येत नाही.

आता तुझी १२ तासांची शिफ्ट. मर्यादा ठरवताना गृहीत असं धरलेलं असतं की माणूस ८ तास काम करील आणि १६ तास स्वच्छ हवेत राहील. तुझं गणित तसं नाही. ७ पीपीएममध्ये १२ तास म्हणजे ८४ पीपीएम-तास. त्याला ८ नं भागलं तर १०.५. बघ, मीटर पूर्ण वेळ ७ दाखवत असला तरी तू आपल्याच कायद्याच्या आकड्याबाहेर जातोस, परदेशी कडक मर्यादा काढायचीही गरज पडत नाही. लांब शिफ्टसाठी ब्रीफ आणि स्काला यांचं एक जुनं सूत्र वापरतात: ८ भागिले शिफ्टचे तास, गुणिले विश्रांतीचे तास भागिले १६. बारा तासांना ते ८/१२ गुणिले १२/१६, म्हणजे बरोबर अर्धं येतं. १० ची मर्यादा ५ वर येते. शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या वायूला हे सूत्र जरा जास्तच सावध पडतं असं काही जण म्हणतात. मला ते मान्य आहे, आणि तरीही बारा तासांच्या शिफ्टला मी ५ च धरीन.

न्यायानं हेही सांगायला हवं की तू बाराही तास टाकीला चिकटून नसणार. समजा ५ तास टाकीपाशी ७ मध्ये आणि ७ तास लॅबमध्ये अर्ध्या पीपीएममध्ये गेले, तर बेरीज ३८.५ आणि आठ तासांच्या हिशोबानं ४.८. म्हणजे तुझा खरा आकडा १०.५ आहे की ४.८, हे भिंतीवरचा मॉनिटर सांगूच शकत नाही. तो टाकीची हवा मोजतो, तुझी नाही. त्यासाठी मोजणी तुझ्या कॉलरवर व्हायला हवी, नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत, पूर्ण शिफ्टभर. त्यावर पुन्हा येतो.

दुसरी गोष्ट, १० हा आकडाच आता जगात सगळीकडे उरलेला नाही. अमेरिकेतली एसीजीआयएच ही व्यावसायिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था १९४० च्या दशकापासून असे आकडे सुचवत आली आहे आणि इतर देशांच्या याद्यांवर तिची छाप असते. तिनं २०१० साली हायड्रोजन सल्फाइडचा आकडा १० वरून थेट १ पीपीएमवर आणला, १५ मिनिटांसाठी ५. युरोपीय संघात ८ तासांना ५ आणि थोड्या वेळासाठी १०. अमेरिकेचीच नायॉश ही सरकारी संशोधन संस्था १० म्हणते, पण सरासरी म्हणून नव्हे, दहा मिनिटांत कधीही न ओलांडायचं छप्पर म्हणून. आणि कामगार-सुरक्षेचे नियम करणाऱ्या अमेरिकेच्याच ओशा या सरकारी संस्थेच्या कायद्यात अजून २० चं छप्पर आहे, काही परिस्थितीत दहा मिनिटं ५० पर्यंत सूट आहे. एकाच देशात १, १० आणि २०!

यावरून "मग खरं काय?" असा वैताग येणं साहजिक आहे. फरक येतो तो दोन कारणांनी. एक, प्रत्येक संस्था वेगळी इजा समोर ठेवते. जुना १० हा आकडा मुख्यतः डोळ्यांवरून आलेला आहे. व्हिस्कोस रेयॉनच्या गिरण्यांमध्ये कामगारांचे डोळे लाल व्हायचे, वाळू गेल्यासारखे टोचायचे, दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं. १ पीपीएम धरताना नाकातल्या वास घेणाऱ्या पेशींची झीज बघितली गेली. उंदरांना काही आठवडे ३० पीपीएममध्ये ठेवलं तेव्हा ती दिसली, १० मध्ये दिसली नाही, आणि त्याखाली माणसासाठी अंतर सोडलं गेलं. निरोगी तरुणांना १० पीपीएममध्ये व्यायाम करायला लावला तेव्हा त्यांच्या स्नायूंचा ऑक्सिजन वापर घटून रक्तात लॅक्टेट वाढलेलं आढळलं. दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकेवर २ पीपीएमलाही परिणाम दिसला आहे. दुसरं कारण साधं आहे: सल्ला देणारी संस्था फक्त आरोग्य बघते, कायदा करणारी कारखान्याला झेपेल का, मोजता येईल का, हेही बघते. म्हणून कायद्याचा आकडा नेहमी मागून चालत येतो. तुझ्या वहीत दोन्ही लिहून ठेव. आठ तासांची सरासरी १० च्या वर गेली तर कायदा मोडला. १ च्या वर राहात असेल तर काम सुधारायला जागा आहे.

हे सगळे आकडे निरोगी, प्रौढ, काम करणाऱ्या माणसांसाठी आहेत. नंदेसरीच्या आसपासच्या गावांतल्या लहान मुलांना, गरोदर बायकांना, दम्याच्या म्हाताऱ्यांना ते लावता येत नाहीत. त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन २४ तासांच्या सरासरीला १५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे जेमतेम ०.१ पीपीएम आहे. कुंपणाच्या भिंतीपाशी २ पीपीएम मिळालं तर "मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यात आहोत" असं कुणी म्हणालं, तर त्याला हा आकडा दाखव.

आता वासाबद्दल. तुझ्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "मग येत नाही" या शब्दांची. माणसाचं नाक या वायूला विलक्षण तिखट आहे. ०.०१ पीपीएमच्या आसपासच, म्हणजे तुझ्या मर्यादेच्या हजाराव्या भागाला, सडक्या अंड्याचा वास कळतो. म्हणून आईला कपड्यांचा वास येणं हे घाबरण्याचं कारण नाही. कपड्यात अडकणारा वास बहुतेक वेळा मरकॅप्टनसारख्या दुसऱ्या गंधकी संयुगांचाही असतो. घरच्यांना त्यातून विषबाधा होत नाही. तरी कामाचे कपडे कारखान्यातच बदलून ये आणि वेगळे धू, हे मी कुणालाही सांगीन.

पण हेच नाक लवकर थकतं. थोड्याच वेळात सवय होते आणि वास गेल्यासारखा वाटतो, वायू मात्र होता तेवढाच असतो. आणि १०० पीपीएमच्या आसपास गोष्ट सवयीची राहत नाही, वासाची जाणीवच बधिर होते, काही मिनिटांत. ५० ते १०० मध्ये डोळे आणि घसा चुरचुरतो. अडीचशेच्या पुढे फुप्फुसात पाणी व्हायला लागू शकतं, ते काही तासांनी घरी गेल्यावर उमटतं. ५०० ते ७०० मध्ये पाच मिनिटांत माणूस लटपटून कोसळतो. ७०० ते १००० च्या पुढे एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. कामगार याला "गॅस लागला" म्हणतात. मी ज्यांना वाचवलेलं पाहिलं आहे त्यांच्यातल्या कुणालाही पडण्याच्या आधीचं काही आठवत नव्हतं. म्हणून "वास वाढला की बाहेर येऊ" हा विचार मनातून पूर्ण काढून टाक. सगळ्यात धोकादायक हवेला वासच नसतो.

अशा हवेत तुझा मॉनिटर काय दाखवतो हे तो कुठे लावलाय त्यावर ठरतं. हा वायू हवेपेक्षा थोडा जड आहे, साधारण १.१९ पट. खड्ड्यात, चेंबरमध्ये, टाकीच्या तळाशी तो बसून राहतो. एका कारखान्यात मी ईटीपीवर मोजणी करत होतो. टाकीच्या कठड्याशी उभं राहून छातीच्या उंचीवर मीटर ३ दाखवत होता. शेजारच्या चेंबरचं लोखंडी झाकण हेल्परनं पहारीनं एका बाजूनं बोटभर उचललं आणि मी पंपाची नळी त्या फटीतून खाली सोडली. नळीतून हवा वर यायला थोडा वेळ लागतो, तेवढा थांबावं लागतं. आकडा ४ झाला, मग २६, मग ९०, आणि मग मीटरची १०० ची श्रेणीच संपली, भोंगा अखंड वाजायला लागला. हेल्पर गमछा तोंडाला बांधून, कुतूहलानं त्याच फटीवर वाकून पाहत होता. त्याला दंडाला धरून वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, इथे तर वास पण नाही." छातीच्या उंचीवरच्या ३ आणि गुडघ्याच्या खालच्या १०० मध्ये फक्त एक झाकण होतं.

त्याच चेंबरशेजारच्या स्टार्टर पॅनलमधल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्याकुट्ट पडलेल्या होत्या. तुझ्याकडेही पॅनल उघडलं की बघ. तांबं आणि चांदी या वायूनं काळी पडतात, आणि मीटर रात्री काय दाखवत होता हे कुणी लिहून ठेवलं नसेल तरी तांबं ते लिहून ठेवतं.

मीटरबद्दल आणखी एक. आतला सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल असतो, त्याचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं. तो मेला की बहुतेक वेळा शांतपणे शून्य दाखवत बसतो. स्वच्छ हवेचं शून्य आणि मेलेल्या सेन्सरचं शून्य पडद्यावर सारखंच दिसतं. म्हणून वापरण्याआधी बम्प टेस्ट करायची: छोट्या सिलिंडरमधला माहीत असलेला वायू, बहुधा २५ पीपीएम हायड्रोजन सल्फाइडचं मिश्रण, सेन्सरवर सोडायचा आणि अलार्म वाजतो का बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. तुझ्या कारखान्यात ते सिलिंडर आहे का आणि त्याची मुदत संपलेली तर नाही ना, हे उद्याच बघ.

हा वायू तुमच्याकडे तयार कुठे होतो हेही ओळखायला हवं. बहुतेकांना वाटतं तो "घाण पाण्यातून येतो" आणि तेवढ्यावर विषय संपतो. डाईजच्या कामात दोन वाटा आहेत. पहिली जीवाणूंची: पाण्यात सल्फेट भरपूर असतं, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला किंवा वीज वाचवायला रात्री बंद ठेवला की टाकीच्या तळातला गाळ ऑक्सिजनविना राहतो आणि त्यातले जीवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. बडोद्याच्या एप्रिल-मे महिन्यात ते जोरात चालतं, शिवाय गरम पाण्यात वायू कमी विरघळतो. तो गाळात अडकून शांत बसतो आणि कुणी अ‍ॅजिटेटर (ढवळण्याचं यंत्र) चालू केला, गाळ ढवळला, पंप लावला की सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा एकदम वर येतो. म्हणूनच "सकाळपासून ६ च दाखवत होता" याला गाळ काढण्याच्या दिवशी काहीही किंमत नाही.

दुसरी वाट रसायनाची, आणि ती जास्त भीषण आहे. सोडियम सल्फाइड तुमच्या धंद्यात रोजच्या वापरातलं. त्याचं पाणी अल्कली असतं तोवर गंधक पाण्यात विरघळलेल्या रूपात बांधलेलं राहतं. पीएच ९ च्या वर वायू जवळपास निघतच नाही. पीएच ७ ला अर्धं सल्फाइड वायूच्या रूपात जायला तयार असतं. ५ ला जवळजवळ सगळं. आता एका प्लँटचं सल्फाइडचं धुण्याचं पाणी आणि दुसऱ्या प्लँटचं खर्च झालेलं आम्ल एकाच गटारात सोडलं, तर त्या गटारावरच्या प्रत्येक झाकणातून काही सेकंदांत हजारो पीपीएम बाहेर येऊ शकतात. मॉनिटर १०० मीटरवर ६ दाखवत असताना. तुमच्या दोन गटारांच्या लाइनी वेगळ्या आहेत का, आणि कुठे मिळतात, हे नकाशावर नव्हे, पायी चालत जाऊन बघ. टँकर रिकामा करताना तो कोणत्या चेंबरमध्ये काय ओततोय हे विचारणं तुझ्या कामाचा भाग आहे, शिफ्ट केमिस्ट म्हणून ते विचारायचा अधिकार तुझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. टाकीत किंवा चेंबरमध्ये कुणी पडलं, तर त्याच्यामागे उतरायचं नाही. हे वाचायला निर्दय वाटतं, म्हणून कारण सांगतो. अमेरिकेच्या नायॉशनं १९८६ साली बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला तेव्हा नोंदवलं होतं की मरणाऱ्यांत साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. आपल्याकडच्या गटारांच्या आणि सेप्टिक टँकच्या बातम्या वाच: आधी एक उतरतो, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला त्याचा भाऊ. हे सगळे धाडसी लोक असतात. त्यांच्यापाशी नसतो तो बीए सेट, म्हणजे स्वतःची हवा पुरवणारं श्वसनयंत्र, आणि वर ओढायला दोर.

कायदा याबाबत स्पष्ट आहे, १९४८ पासून. फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ३६ म्हणतं की विषारी वायू असू शकेल अशा टाकीत, चेंबरमध्ये, नळात माणूस उतरवायचा तर हवा तपासून जबाबदार माणसानं लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्यानं श्वसनयंत्र घालावं आणि त्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं. प्रत्यक्षात मी सांगतो: दोन्ही करा. उतरण्याआधी हवा वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी मी १ च्या वर असताना कुणाला उतरवणार नाही, ब्लोअर लावून आधी हवा बदलायची. मोजणी एकदाच करून थांबायचं नाही, आतला माणूस बाहेर येईपर्यंत मीटर त्याच्या अंगावर चालू हवा. गाळ पायाखाली ढवळला जातो, ते वर सांगितलंच.

मास्कबद्दल थोडक्यात: एन-९५, गमछा, ओला रुमाल यांचा या वायूला काडीचाही उपयोग नाही. रसायनाच्या डबीचा मास्क फक्त पळून बाहेर येण्यासाठी, कारण डबी संपली हे वासावरून कळणार नाही. १०० पीपीएम हा जिवाला तात्काळ धोक्याचा आकडा मानतात. तिथे, आणि आकडा माहीत नसेल तिथेही, फक्त बीए सेट.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या कंत्राटी हेल्परांबद्दल हेही माहीत ठेव. गटार आणि सेप्टिक टँक साफ करताना मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. कारखान्याच्या टाकीतला मृत्यू वेगळ्या कायद्यांखाली जातो, पण वायू तोच आणि उतरणाराही बहुतेक वेळा त्याच वस्तीतला. ज्याचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नाही त्यालाच टाकीत उतरायला सांगितलं जातं, हे मी नंदेसरीपासून मकरपुऱ्यापर्यंत पाहत आलो आहे आणि याचा मला मनापासून संताप येतो. तुझ्या शिफ्टमध्ये ते होऊ देऊ नकोस.

हे महागडं, अशक्य काही नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आपल्याच शहराच्या वेशीवर आहे, आणि रिफायनरीच्या धंद्यात याच वायूचे प्रवाह टक्क्यांमध्ये मोजले जातात, पीपीएममध्ये नाही. तिथे छातीवर वैयक्तिक डिटेक्टर लावणं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडे बघून चालणं आणि जोडीशिवाय न जाणं हे कामाचंच अंग मानलं जातं. छोट्या कारखान्यात वायू कमी आहे म्हणून शिस्तही कमी, इथेच सगळं बिघडतं.

तर आता तू काय करायचंस? स्वतःसाठी आणि ईटीपीच्या प्रत्येक ऑपरेटरसाठी कॉलरवरचा डिटेक्टर मागून घे, पहिला अलार्म ५ वर आणि दुसरा १० वर लावून. कंपनीकडून येताना तो बहुधा १० आणि १५ वर असतो, बदलता येतो. त्यात नोंदी साठतात. निदान एक आठवडा, दिवस आणि रात्र दोन्ही पाळ्यांच्या, आणि त्यात एक गाळ काढण्याचा दिवस येईल असं बघ. हिवाळ्यातल्या थंड, वारा नसलेल्या पहाटेची नोंदही हवी, तेव्हा वायू जमिनीलगत अडकतो. त्या नोंदींतून १२ तासांची सरासरी आणि प्रत्येक १५ मिनिटांचा सगळ्यात मोठा आकडा काढ. सीनियरसमोर "मला भीती वाटते" म्हणून जाऊ नकोस, ते पान घेऊन जा. आधी मागणी ब्लोअर अखंड चालू ठेवण्याची आणि आम्ल-सल्फाइडच्या लाइनी वेगळ्या करण्याची कर, मग टाकीला झाकण आणि वायू ओढून कॉस्टिकच्या स्क्रबरमधून (अल्कलीच्या पाण्यानं वायू धुणाऱ्या यंत्रातून) नेण्याची. मास्कचा नंबर सगळ्यात शेवटी.

कलम ४१-सी खाली धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या वैद्यकीय नोंदी ठेवणं आणि त्या कामगाराला बघायला देणं मालकावर बंधनकारक आहे. ४१-एच खाली जिवाला धोका दिसला तर ते थेट किंवा सुरक्षा समितीतल्या आपल्या प्रतिनिधींमार्फत मालकाच्या, व्यवस्थापकाच्या नजरेला आणून देण्याचा अधिकार कामगाराला आहे, आणि ते एकाच वेळी कारखाना निरीक्षकालाही कळवता येतं. गुजरातमध्ये हे काम औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाकडे आहे. आधी आत बोलून बघ. पान टेबलावर ठेवूनही महिनाभरात काही हललं नाही, तर लेखी कळव आणि पोच घे.

डोळे लाल होणं, दिव्याभोवती कडं दिसणं, शिफ्टच्या शेवटी डोकं धरणं, यातलं काही होत असेल तर तारीख आणि त्या दिवशीचा मीटरचा आकडा टिपून ठेव. डॉक्टरकडे गेलास तर "केमिकलमध्ये काम करतो" एवढं सांगून भागत नाही, हायड्रोजन सल्फाइड हे नाव घे, कारण त्याशिवाय तो डोळे आल्याचे थेंब देऊन पाठवील. आणि कारखान्यात चक्कर येऊन क्षणभर जरी कुणाची शुद्ध गेली, तरी "बरा झाला" म्हणून घरी पाठवू नका. त्याला निदान एक दिवस दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायचं, फुप्फुसातलं पाणी उशिरा दिसतं म्हणून, आणि पुढचे काही महिने विसरभोळेपणा, चिडचिड, झोप उडणं याकडे घरच्यांना लक्ष द्यायला सांगायचं. व्यवसायजन्य आजारांच्या तपासणीसाठी अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, स्थानिक डॉक्टरला शंका असेल तर तिथला सल्ला मागायला सांग.

आठवड्याच्या नोंदी निघाल्या की त्यातले आकडे मला पाठव, कुठल्या टाकीजवळ किती वेळ होतास त्या वेळांसकट. गाळ काढण्याच्या दिवसाचे वेगळे ठेव.